पोत्याचा डावा कान

धानाचं पोतं एकट्यानं उचलता येत नाही असं नाही, पण वडशाच्या राइस मिलमध्ये तसं कुणी उचलत नाही. तिथली रीत वेगळी. पोत्याचं तोंड शिवताना दोन्ही कोपऱ्यांना सुतळीचे वेढे देऊन दोन शेंड्या ठेवतात, त्यांना कान म्हणतात. दोघं जण दोन बाजूंनी उभे राहतात, एक हात कानाला, एक हात बुडाला, आणि "लाव!" म्हणत पोतं तिसऱ्याच्या पाठीवर बसवून देतात. तिसरा ते घेऊन पोत्यांच्या थप्पीवर चढतो. पाठ देणारे दिवसभर बदलत राहतात. कान धरणारी जोडी बदलत नाही.

लटारू आणि मंगरूची जोडी तीस वर्षं बदलली नव्हती. डावा कान लटारूचा, उजवा मंगरूचा. लटारूची बायको रुखमाबाई म्हणायची, "ह्या मानसाचं पहिलं लगन मंगरूभाऊसंगं झालं, माह्यासंगं दुसरं." म्हणायची हसत, पण त्यात खोटं काही नव्हतं. दोघं एकमेकांशी फार बोलत नसत. पोतं कधी उचलायचं हे सांगायला त्यांना ते "लाव!" सुद्धा लागत नसे, ते पाठ देणाऱ्याच्या सोयीसाठी म्हणायचे.

गेल्या वर्षापासून मात्र डावा कान मागे राहू लागला. फार नाही, बोटभर. पण पोतं बोटभर तिरपं बसलं की पाठ देणाऱ्याची मान वाकडी होते, आणि ज्याची मान वाकडी होते तो गप्प राहत नाही. सुनिल नावाचा बत्तीस वर्षांचा गडी होता, दोन लेकरांचा बाप, तसा गरीब स्वभावाचा. तोच एकदा म्हणाला, "लटारूभाऊ, चुंगडं तिरपं बसून राह्यलं गा." लटारू म्हणाला, "तुह्यी पाठच तिरपी." सगळे हसले. मंगरू हसला नाही, आणि ते लटारूला जास्त लागलं.

कारण मंगरूचा उजवा कान जसाच्या तसा वर जात होता. मंगरू लटारूपेक्षा तीन महिन्यांनी मोठा. तोच भात, तीच भाजी, तोच तंबाखू-सुपारीचा खर्रा. तरी हा चोपन्नाव्या वर्षी पोतं उचलून साधा उसासा टाकत नाही आणि आपला खांदा सांजेला वर होत नाही, हे कोडं लटारूला सुटेना. त्याला मंगरूचा हेवा वाटायचा. जिवाभावाच्या माणसाचा हेवा वाटणं ही फार वाईट गोष्ट, पण वाटतो तो वाटतोच.

त्यात दिवाळीनंतर मिलमध्ये अजय नावाचा नवा मॅनेजर आला. आल्या आल्या त्यानं सांगितलं की जानेवारीत पन्नाशीवरच्या सगळ्या हमालांची डॉक्टरी तपासणी होईल, आणि जो त्यात बसणार नाही त्याला दाभणावर घेतलं जाईल. दाभण म्हणजे पोती शिवायची मोठी सुई. काम हलकं, सावलीतलं. मजुरीतही फार तफावत नव्हती. पण हमालांत दाभणाचा अर्थ एकच होता. दाभण हातात आलं की माणूस थप्पीवरून उतरला, आणि उतरलेला पुन्हा चढत नाही. आपल्या जागी मंगरूच्या समोर दुसराच कुणी उभा आहे, आपला डावा कान धरून, हे लटारूच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिल सुटल्यावर तो स्टेशनकडच्या रस्त्यावर बिलालच्या दुकानात गेला. पूर्वी तिथे बिलालचा बाप बशीरभाई सायकली दुरुस्त करायचा. आता बापाच्या फळ्यांवर मुलानं पावडरीचे मोठमोठे डबे मांडले होते आणि मागच्या खोलीत पोरं लोखंड उचलत होती. तिथे लोक लोखंड उचलायला उलटे पैसे देतात, हे लटारूला कधी समजलं नव्हतं.

"या लटारूभाऊ," बिलाल म्हणाला. "सायकल पंक्चर झाली का? अब्बा तर आता घरीच असतात."

"सायकल बरी हाये. मीच पंक्चर झालो."

बिलालनं त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. पोरगा दुकानदार होता पण लबाड नव्हता. खांदा हलवून पाहिला, मोठे रंगीत डबे बाजूला सारले आणि एक लहानसा काढला.

"हे पाहा भाऊ. आपल्या मांसात एक चीज असते. झटका मारायचा असला ना, दोन-चार सेकंदाचा, तर ती कामाले येते. मग खतम होते, पुन्हा भरते. हे पावडर तिचा साठा थोडा वाढवते. बस. मटन-मच्छीत बी तेच असते. क्रिएटिन म्हनतात."

"म्हंजे ताकतीचं औषध."

"औषध नाई. सीधी बात सांगतो, यानं पिकअप वाढते, माइलेज नाई. दिवसभराचा थकवा येते तो येईलच. जवानी बी वापस येत नाई." बिलालनं डबा त्याच्या हातात दिला. "पोतं उचलाले किती टाइम लागते?"

लटारूनं मनातल्या मनात एक पोतं उचललं. "तीन सेकंद."

"मग तुमच्याच कामाची चीज आहे. रोज एक चमचा, सपाट, शिगेचा नाई. पानी भरपूर प्या. पन आधी खून तपासून घ्या. पन्नासच्या वर आहे तुम्ही. शुगर, किडनी पाहून घ्या, मग चालू करा."

"पाह्यतो ना," लटारू म्हणाला, आणि डबा घेऊन घरी आला. पाहिलं बिहिलं काही नाही. डॉक्टरी तपासणीची धास्ती घेतलेला माणूस त्या तपासणीसाठी आधी दुसरी तपासणी करेल, हे होणं शक्य नव्हतं.

डब्यावर मान नसलेल्या एका माणसाचं चित्र होतं. ते घरात ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्यानं पावडर दूध-पावडरीच्या जुन्या डब्यात ओतली आणि रुखमाबाईला सांगितलं, पोटाचं चूर्ण आहे. चूर्णाला ना वास, ना चव. पाण्यात ढवळलं तरी तळाला बारीक रवा राहायचा. एक दिवस रुखमाबाईच्या पोटात गुबारा धरला, तिनं न विचारता चमचाभर घेतलं आणि संध्याकाळी निकाल दिला, "तुमच्या चूर्नात काई दम नाई. नुसती माती हाये."

दम होता. तिसऱ्या आठवड्यात डावा कान वर येऊ लागला. सुनिलची मान सरळ झाली. मोठ्या काट्यावर हमाल हौसेनं स्वतःलाही तोलून घेतात. त्यावर लटारू दीड किलोनं वाढलेला निघाला. मंगरूनं काटा पाहिला, मग लटारूला पाहिलं.

"काऊन बा, सासुरवाडीले जाऊन आला का?"

"भात पचून राह्यला," लटारू म्हणाला. तीस वर्षांत मंगरूशी बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं असेल. ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पण डावा-उजवा कान बरोबरीनं वर जात होते, आणि लटारू सुखात होता. सांजेला खांदा दुखायचा तेवढा दुखायचाच, बिलालनं तसं सांगूनच ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत मंगरू नेहमीसारखा खर्ऱ्याची पन्नी चोळत भुशाच्या ढिगामागं जायचा आणि मिशा पुसत परत यायचा. लटारू त्याच्याकडे बघून मनात म्हणायचा, आता ये मैदानात.

जानेवारीत गावातल्या एका दवाखान्याच्या डॉक्टर सायमा मिलमध्ये आल्या. वयानं तरुण, बोलायला तुटक, कामाला चोख. त्यांनी सगळ्यांना उठाबशा काढायला लावल्या, हातात दाबायचं यंत्र दिलं, पाय सुजतात का ते बोटानं दाबून पाहिलं आणि प्रत्येकाचं रक्त काढलं. दाबायच्या यंत्रावर लटारूचा आकडा पन्नाशीवरच्यांत सगळ्यांत मोठा आला. त्या दिवशी त्यानं घरी जाताना मासळी नेली.

आठ दिवसांनी अजयनं ट्रक तोलायच्या धर्मकाट्याजवळ उभं राहून कागद वाचला. अशा गोष्टी माणसाला बाजूला घेऊन सांगायच्या असतात, पण अजयला ट्रकचे नंबर आणि माणसांची दुखणी एकाच आवाजात वाचायची सवय होती. "चैतू, शुगर. मेश्राम, बी.पी. लटारू, क्रिएटिनिन वाढलेलं, एक पॉइंट सहा. मंगरू, क्रिएटिनिन, दोन पॉइंट एक. हे दोघं उद्यापासून दाभणावर. डॉक्टरांना भेटून या, पुढचं मग पाहू."

लटारूच्या अंगावर काटा आला. खाई त्याला खवखवे. अजय 'क्रिएटिनिन' म्हणाला, लटारूनं 'क्रिएटिन' ऐकलं. गडचिरोली हा दारूबंदीचा जिल्हा. नाक्यावर ड्रायव्हरनं नळीत फुंकलं की यंत्र त्यानं काय ढोसलंय ते सांगतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. फुंकरीवरून दारू पकडतात, तर रक्तावरून पावडर का नाही पकडणार? पकडली. नावासकट, आकड्यासकट, भर धर्मकाट्यावर.

आणि मग त्याला दुसरा आकडा आठवला. मंगरूचा. दोन पॉइंट एक.

घरी जाताना सायकलवर त्यानं हिशेब लावला. एका चमच्याला एक पॉइंट सहा, तर दोन पॉइंट एकाला दीड-दोन चमचे तरी हवेत. म्हणजे हा लेकाचा माझ्याही आधीपासून खातोय, माझ्यापेक्षा जास्त खातोय, आणि चेहरा असा की जसा देवाच्या घरून ताकद घेऊन आलाय! आधी त्याला राग आला, रेल्वे फाटकापर्यंत तो राग टिकला. फाटक बंद होतं. थांबल्या जागी त्याला हसू फुटलं, आणि बाजूचा मोटरसायकलवाला त्याच्याकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं शेडमध्ये दाभण घेऊन बसले. तीस वर्षं पोती उचलणारे हे दोन गडी, पण पोतं शिवावं कसं हे दोघांनाही येईना. मंगरूची शिवण कुंपणाच्या काट्यांसारखी वेडीवाकडी जात होती, आणि कान तर त्यानं उंदराएवढे ठेवले होते.

"कान लहान नको ठेवू गा," लटारू म्हणाला. "असा कान माह्या हातात बसत नाई." त्याच्या डाव्या हाताची करंगळी ट्रकच्या फाळक्यात सापडून वाकडी झाली होती, बारा वर्षं झाली. "दोन वेढे जास्त दे."

"तू काय उचलून राह्यला आता? दाभनावर बसला ना."

लटारूनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंगऱ्या, किती चमचे घेते?"

"कायचे?"

"आता सोंग नको करू. पांढऱ्या पावडरचे. मी एक घेतो. तुह्यं दोन पॉइंट एक निघालं."

मंगरू दाभणात सुतळी ओवत होता. ती ओवली जाईना. त्यानं सुतळीचं टोक तोंडात धरून ओलं केलं, वळलं, पुन्हा ओवलं. मग म्हणाला, "दोन."

"चोरा!" लटारू एवढा मोठ्यानं ओरडला की शेडमधल्या बायांनी माना वळवल्या. मग त्याला धीर धरवेना. बिलालचं दुकान, मान नसलेला माणूस, दूध-पावडरीचा डबा, रुखमाबाईचा गुबारा, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. किती महिन्यांचं ओझं उतरलं! दोघंही एकाच डब्यातलं खात होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो, यापरती गंमत ती कोणती? मंगरूही हसला. पण तो जरा उशिरा हसला, पूर्वी डावा कान वर यायचा तसा.

डॉक्टर सायमांच्या दवाखान्यात लटारूनं हात जोडून कबुली दिली. "मॅडम, तुमच्या मशीननं बरोबर पकडलं. आमी दोघंही क्रिएटिन घेतो."

डॉक्टरांनी आधी त्याच्याकडे, मग कागदाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "भाऊ, हे क्रिएटिन नाही. क्रिएटिनिन. मध्ये एक 'नि' आहे."

इतिहासात 'ध' चा 'मा' केला म्हणून एक जीव गेल्याचं सांगतात. इथे तर 'नि' कुणी घातला नव्हता की काढला नव्हता, तो फक्त लटारूच्या कानात शिरला नव्हता. डॉक्टरांनी मग चुलीचा दाखला दिला. क्रिएटिन हे लाकूड. ते अंगात जळतं तेव्हा राख होते, ती राख म्हणजे क्रिएटिनिन. राख झाडून बाहेर टाकायचं काम किडनीचं. "रिपोर्ट फक्त राखेचा ढीग मोजतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही पावडर खाऊन लाकूडच जास्त घातलं असेल, तर राख जास्त होणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण झाडणारा थकला असेल, तरी ढीग वाढतो. ते काळजीचं. ढिगाकडे पाहून कोणतं खरं ते कळत नाही."

"मग?"

"पंधरा दिवस पावडर बंद. मग पुन्हा रक्त, आणि लघवीही तपासू." त्या मंगरूकडे वळल्या. "तुमचं जास्त आहे. एवढं चमच्या-दोन चमच्यानं सहसा होत नाही. अंगदुखीच्या गोळ्या घेता का? रोज?"

"नाई," मंगरू म्हणाला. इतक्या झटकन, की पिकअप पाहून बिलाल खूश झाला असता.

"घेत असाल तर सांगा. त्या गोळ्या आणि उन्हातलं काम, पाणी कमी, यानं किडनी जाते. कळत नाही आणि जाते."

"नाई म्हनलं ना मॅडम."

परतताना लटारू खुशीत होता. पंधरा दिवसांचा प्रश्न. लाकूड बंद, राख कमी, दोघंही पुन्हा थप्पीवर. वाटेत बिलालचं दुकान लागलं. मंगरू काम आहे म्हणून पुढे गेला, लटारू थांबला आणि खोट्या रागानं म्हणाला, "काय गा बिलाल, मंगरू बी तुह्यं गिऱ्हाईक हाये आणि मले सांगतलं नाई?"

"कोन मंगरूभाऊ? ते तर कधी दुकानची पायरी नाई चढले."

"दुसरीकडून घेत असन."

"वडशात हे मीच विकतो, भाऊ. नाईतर फोनवरून मागवावं लागते."

मंगरूकडे बटनांचा फोन होता, आणि त्यावर तो फक्त उचलायचं बटन ओळखायचा.

लटारूनं त्या दिवशी सायकल चालवली नाही, हातात धरून नेली. डोक्यात काहीतरी टोचत होतं आणि सापडत नव्हतं. ते सापडलं दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत. मंगरू पन्नी चोळत भुशाच्या ढिगामागं गेला आणि मिशा पुसत परत आला. ओल्या मिशा. लटारू हे बघत होता, निदान पाच-सहा वर्षं तरी नक्की. खर्रा तोंडात टाकल्यावर पाणी कोण पितो? खर्रा खाणारा माणूस तासभर तोंड उघडत नाही. कुणी हाक मारली तर मान वर करून 'हं' म्हणतो. अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्ऱ्यावर पाणी पिणारा माणूस सापडायचा नाही. आणि हा रोज पाणी पिऊन येत होता, आणि आपण रोज बघत होतो.

मंगरू शेडमध्ये गेल्यावर लटारू ढिगामागं गेला. पायानं भुसा सारला. गोळ्यांच्या रिकाम्या चकचकीत पट्ट्या निघाल्या. दोन, पाच, मग तर मोजायचं त्यानं सोडून दिलं. खालच्या काळ्या पडल्या होत्या. त्यानं वरची एक उचलली आणि खिशात घातली.

शेडमध्ये येऊन त्यानं ती पट्टी मंगरूच्या मांडीवरच्या पोत्यावर ठेवली. मंगरूनं ती पाहिली आणि शिवत राहिला.

"किती?" लटारूनं विचारलं.

"दोन. सीझनात तीन."

"कवापासून?"

"सहा वर्सं. खांदा गेला तवापासून."

"मले काऊन नाई सांगतलं?"

मंगरूनं दाभण खाली ठेवलं. "तुले काय सांगू? तू असा उभा राह्यचा समोर, जसा काई होतच नाई. उजवा कान खाली राह्यला असता तर तू काय म्हनला असता? तू काई म्हनला नसता. तेच मले नको होतं." मग तो जवळ सरकला. "पंधरा दिस मी बी गोळी बंद करतो. आकडा खाली येते. मॅडमले पावडरचंच राहू दे. दोघं संगं वर जाऊ. तुले माह्यी आन हाये."

लटारू ज्या मंगरूच्या बरोबरीनं उभं राहण्यासाठी पावडर खात होता, तो मंगरू सहा वर्षांपूर्वीच थकला होता. आणि मंगरू गोळ्या गिळत होता तो लटारूच्या बरोबरीनं उभं राहण्यासाठी. दोघांतल्या एकानं एक दिवस नुसतं 'दुखते गा' म्हटलं असतं, तर दुसरा जिवात जीव आल्यासारखा खाली बसला असता.

घरी त्यानं रुखमाबाईला सगळं सांगितलं, चूर्णाचंसुद्धा. ती चूर्णावरून रागावली नाही. तांदूळ निवडत बसली.

"आन घातली म्हनता," ती म्हणाली. "उद्या बुधरी माह्याजवळ येऊन बसन. तिच्या मानसाची किडनी गेली, आणि तुमाले मालूम होतं का म्हनून तिनं इचारलं, तर मी तिले काय सांगू?"

बुधरी मंगरूची बायको. उत्तर एकच होतं आणि ते लटारूला नको होतं. डॉक्टरांना सांगितलं की मंगरू थप्पीवरून उतरला, कायमचा. जोडी मोडली. जी मोडू नये म्हणून तो बिलालच्या पायरीवर चढला होता, ती त्यालाच आपल्या तोंडानं मोडायची होती.

रक्त द्यायच्या दिवशी दोघं डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टरांनी विचारलं, "पावडर बंद होती ना दोघांची?" मंगरू हो म्हणाला. लटारूनं खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, हा पावडर घेत नाई. कधीच घेतली नाई. हा हे घेते. रोज दोन-तीन, सहा वर्सांपासून."

मंगरूनं त्याच्याकडे पाहिलं. तसं तो कधी कुणाकडे पाहत नसे. मग उठून बाहेर गेला. डॉक्टरांनी त्याला परत बोलावून घेतलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी लिहून दिली, पण लटारूशी तो एक शब्द बोलला नाही. सायकलीवरून दोघं एकाच रस्त्यानं गावात आले, एक पुढे, एक मागे.

निकाल आला. लटारूची राख एक पॉइंट एकवर उतरली होती. लघवी साफ, झाडणारा ठणठणीत. मंगरूची नुसती एक पॉइंट आठ. डॉक्टरांनी बुधरीला बोलावून समजावलं: गोळी पूर्ण बंद, पाणी सांगितलं तेवढं, मीठ कमी, ओझं नाही, महिन्या-महिन्याला तपासणी. "वेळेवर कळलं," त्या म्हणाल्या. "अजून दोन वर्षं गेली असती तर डायलिसिसच्या मशीनवर जावं लागलं असतं." लटारूनं स्वतःचंही विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, किडनी चांगली आहे, घ्यायची तर घ्या, पण सपाट चमचाच, आणि रक्त देताना आधी सांगत जा. पावडरीचा काही दोष नव्हता. फार गुणही नव्हता, तीन सेकंदांचा होता.

लटारू थप्पीवर गेला. मंगरू दाभणावर राहिला. उजव्या कानाला सुनिल आला.

सुनिल जोरदार होता. पहिल्याच दिवशी उजवा कान इतक्या झपाट्यानं वर गेला की पोतं पुन्हा तिरपं बसलं. कुणी काही म्हणालं नाही. लटारूच "लाव!" म्हणायला लागला, मोठ्यानं, कारण आता त्याची खरंच गरज होती. मधल्या सुट्टीत तो शेडजवळून जायचा. मंगरू मान वर करत नसे. बुधरी रुखमाबाईकडे येऊन बसायची, दोघी बोलायच्या, आणि हे दोन म्हातारे रुसलेल्या पोरांसारखे. आठ दिवस गेले. दहा गेले. लटारूला वाटायचं, बरोबर केलं. आणि तितक्याच वेळा वाटायचं, न सांगतो तर बरं होतं. दोन्ही खरं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी लाखांदूरकडच्या धानाचा ढीग भरून, शिवून थप्पीपाशी लागला. लटारूनं सवयीनं डावा हात पुढे केला. करंगळी वाकडी असल्यामुळे त्याला कान नेहमी तीन बोटांत चिमटून धरावा लागायचा आणि तो निसटायचा. त्यासाठी मनगटाला झटका द्यायची त्याला सवयच लागली होती. या वेळी झटका द्यावा लागला नाही. कान मुठीत बसला. जाड होता, लांब होता, आणि करंगळी जिथे वाकते तिथे सुतळीचा एक वेढा आडवा टाकलेला होता. त्यानं उजवा कान पाहिला. तो नेहमीसारखा, साधा. त्यानं मागची पोती पाहिली. दुसरं, तिसरं, दहावं. सगळ्यांचा डावा कान तसाच.

"काय झालं, भाऊ?" सुनिल म्हणाला. "लाव म्हना ना."

लटारू कान धरून नुसता उभा राहिला, डोळे भरून आले ते त्यानं दंडाला पुसले, आणि सगळ्या टोळीनं ते पाहिलं.

शेडमधून आवाज आला. मंगरू दाभण हातात धरूनच बोलत होता, वर न पाहता.

"काऊन गा? दोन वेढे कमी पडले का?"

"नाई," लटारू म्हणाला. "बरोबर हायेत." मग म्हणाला, "खांदा दुखून राह्यला."

"मग बस ना इथी दोन मिनटं," मंगरू म्हणाला, आणि बाजूचं बारदान त्यानं पायानं सरकवलं.